निकाली पुस्तकं

वस्ताद पुस्तक परत करताना निकाल सांगत. टेबलावर पुस्तक ठेवायचं, मिशीवरून हात फिरवायचा आणि म्हणायचं, "ताई, ही निकाली." म्हणजे शेवट स्पष्ट, कुणीतरी चीत झालेलं. शेवट वाचकावर सोपवणारी कादंबरी हाती लागली, की त्यांचा पारा चढे. "चारशे पानं लढवली आन् बरोबरीत सोडवली की. असल्या लेखकाला मैदानातनं हाकलायला पायजे."

सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करत होते. वस्ताद पूर्वीचे पैलवान. आता म्हशी सांभाळायचे आणि रतीब घालून झाला, की रिकामी किटली दाराशी ठेवून आत येत. त्यांच्याकडून आलेल्या पुस्तकाला गोठ्याचा वास यायचा. एका काकूंनी तक्रार केली, तेव्हा ते म्हणाले, "म्हशीचाच हाय की वास. पुस्तकातली माणसं त्यापरीस घाण वागत्यात, ते चालतंय व्हय?" प्रेमकथा त्यांना सोसत नसे. "तीन प्रकरणं झाली, तरी सलामीच चाललीया," असं पुटपुटत ते पानं उलटायचे. मला हा माणूस फार आवडायचा.

पण ते वाचनालयात का येऊन बसतात, हे अख्ख्या पेठेला ठाऊक होतं. ऐन उमेदीत एका मैदानात त्यांनी मुरगूडच्या दस्तगीर पैलवानाला उचलून टाकलं होतं. डाव नियमातला होता, पंचांनीही दोष दिला नाही. पण दस्तगीरची पाठ मोडली आणि कंबरेखालचं अंग कायमचं गेलं. त्या दिवसापासून वस्तादांनी लंगोट कसला नाही. एकदा आपण होऊनच ते मला म्हणाले, "रिकामा बसलो की पाठ मोडल्याचा आवाज येतोय कानात. पुस्तक उघडलं की दुसऱ्याची भांडणं सुरू हुत्यात, मग त्यो आवाज गप बसतोय." मी त्यांना त्यातल्या त्यात जाडजूड पुस्तक काढून दिलं.

एके दिवशी त्यांनी एक कादंबरी टेबलावर जवळजवळ आदळलीच. तिच्या नायकाच्या हातून चुकून मित्राचं घर जळतं आणि पुढे जन्मभर तो त्या गावाकडे फिरकत नाही. "एकडाव जाऊन तोंड दावायला काय धाड भरली हुती ह्याला?" वस्तादांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. माझ्या तोंडून निघून गेलं, "वस्ताद, तुम्ही गेलात का कधी मुरगूडला?"

ते किटली उचलून निघून गेले. आठवडाभर वाचनालयात म्हशीचा वास आला नाही, आणि मला करमेना.

मग एका शनिवारी आले आणि तीच कादंबरी पुन्हा मागितली. "उद्या जातोय मुरगूडला. केळी न्हिऊन म्होरं काय बोलू? त्याला वाचाय येत न्हाय. हे वाचून दावतो."

सोमवारी मी विचारलं, "काय म्हणाले ते?"

"मला बघून म्हणाला, 'या पावणं, लई येळ लावला.' कुस्तीचं त्योबी बोलला न्हाय, मीबी न्हाय. सरळ वाचाय लागलो." मग वस्ताद जरा पुढे वाकले. "ऐन रंगात आल्यावर पुस्तक मिटलं आन् एस्टी धरली. पुरं केलं असतं तर पुना कशाला बोलवंल?"

निकालाचा एवढा हट्ट धरणारा माणूस त्यानंतर दर रविवारी डाव अर्धवट सोडून यायला लागला. मुरगूडहून फर्माइशी येऊ लागल्या. दस्तगीरना खाष्ट सासवा आवडत, त्यांच्या बायकोला चोऱ्यामाऱ्या. ऐकता ऐकता चुलीवरचा चहा उतू जातो, म्हणून एकदा चहाआधी वाचायचं नाही असा कायदाही झाला. वस्ताद मला बजावायचे, "सासू असल्यालं द्या, आन् तिनं निदान एकदा तरी चोरी केली पायजे." असं पुस्तक शोधताना माझ्या नाकी नऊ यायचे.

पुढे काही वर्षांनी छातीत कळ येऊन वस्ताद गेले. शेवटी नेलेली कादंबरी त्यांच्या मुलीनं परत आणून दिली. निम्म्यावर कडब्याची काडी खोचलेली होती. पुस्तक कपाटात ठेवायला हात धजेना. रविवारी मी मुरगूडची एस्टी धरली.

दस्तगीर ओसरीत खाटेवर बसून दोर वळत होते. मी कोण ते सांगितलं. त्यांनी बायकोला आधी चहा करायला लावला, मग म्हणाले, "हं, वाचा." काडीपासून मी सुरुवात केली. प्रसंग रंगला होता, सासूबाई फॉर्मात होत्या, आणि रडू फुटायच्या आत मला प्रकरण संपवायचं होतं. दोन-तीन पानं झाली असतील, तोच त्यांचा हात थांबला.

"ताई, जरा दमानं," ते म्हणाले. "त्यो असं भराभरा वाचत न्हवता. मधी मधी रडायचा. हसायच्या जागंलाबी. तवर मी दोर वळायचो."