कोपऱ्यावरचं ग्वाटेमाला

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. धुतलेले कपडे खुर्चीवर टाकावेत, आज घड्या घालू, उद्या घालू म्हणत राहावं आणि एक दिवस ढिगाखाली खुर्चीच दिसेनाशी व्हावी, तसं होतं ते. आमचा ढीग साचला तो कोपऱ्यावरच्या ग्वाटेमालन रेस्टॉरंटमध्ये. आज जरा उपसतो.

जर्मनीत, आखनमध्ये आम्ही राहतो त्या गल्लीच्या टोकाला ते आहे. पूर्वी तिथे क्नाइपे होती, म्हणजे म्हाताऱ्यांचा बिअर प्यायचा अड्डा. तिचा काळपट लाकडी काउंटर, भिंतीवरची हरणाची शिंगं आणि पत्ते खेळणारे म्हातारे, सगळं जागच्या जागी आहे. आताची मालकीण एल्वीरा ग्वाटेमालाची; तिने फक्त शिंगांवर आपल्या गावाकडचं रंगीत विणकाम टाकलंय. ती स्वयंपाक करते. तिचा नवरा होर्स्ट, रिटायर्ड बस ड्रायव्हर, वाढतो.

दर गुरुवारी आम्ही तिथे जेवतो. आवड वगैरे नंतर आली; मूळ कारण थकवा! माझी बायको अनघा हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ आहे. दिवसभर लोकांना झोपवते आणि स्वतः झोपत नाही. मी मशीन बनवणाऱ्या कंपनीत दिवसभर मीटिंगमध्ये असतो, तिथे उलटं होतं. गुरुवार संध्याकाळपर्यंत आमच्या फ्रीजमध्ये अर्धा कांदा उरतो आणि त्याच्याकडे बघायचाही उत्साह उरत नाही. आमच्याच बिल्डिंगमधले देशमुख काका आणि त्यांच्या जर्मन पत्नी रेनाटेकाकू बरोबर असतात. काका तरुणपणी नागपूरहून शिकायला आले आणि राहूनच गेले. शिवाय मीनल. ती साताऱ्याची, इथे पीएचडी करते. ती का दमलेली असते, हे वेगळं सांगायला नको.

*

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी ऐटीत बरीटो मागितला. होर्स्ट म्हणाला, "नाही."

"मग नाचोज?"

"नाही."

"अहो, पण मेक्सिकन रेस्टॉरंट ना हे?"

होर्स्टने पेन खिशात ठेवलं. फार दमलेल्या माणसाचा एक शांतपणा असतो, त्या शांतपणाने तो म्हणाला, "मेक्सिको शेजारी आहे. इथून आम्ही सायकलवर बेल्जियमला जातो. म्हणून आम्ही बेल्जियन झालो का?"

काका पटकन म्हणाले, "देवा, नको!"

मग त्याने स्वतःच ठरवून पेपियान आणलं. भोपळ्याच्या बिया, तीळ, टोमॅटो, मिरच्या, सगळं काळपट भाजून, वाटून केलेला दाट रस्सा आणि त्यात चिकन. अनघाने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली.

"वाटण," ती डोळे न उघडता म्हणाली. "कुणीतरी माझ्यासाठी वाटण वाटलंय."

*

काकांना नागपुरी तिखटाचा फार अभिमान. एका गुरुवारी त्यांनी जॅमच्या बाटलीतून घरचा ठेचा आणला आणि एल्वीराला बाहेर बोलावलं. "सांभाळून हं," त्यांनी बजावलं, "युरोपात हे कुणाला झेपत नाही."

एल्वीराने चमचाभर खाल्ला. थोडा विचार केला. "छान आहे," म्हणाली, "लहान मुलांना आवडेल."

आणि आतून एका वाटीत मटाराहून लहान, लालबुंद, गोल मिरच्या घेऊन आली. चिल्तेपे म्हणतात त्यांना. काकांनी एक उचलली. नागपूरची इज्जत होती, त्यामुळे अख्खी चावली.

पुढचा काही वेळ काका हरणाच्या शिंगांकडे एकटक बघत बसले. मग दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या. नाकातून, कानातूनही काहीतरी चाललं असावं. होर्स्ट दूध घेऊन धावला.

रेनाटेकाकूंनी शांतपणे त्यांना रुमाल दिला आणि आम्हाला म्हणाल्या, "लग्नात माझे वडील रडले, आई रडली, पाद्रीसुद्धा रडला. हा नाही रडला. आज कळलं, काय कमी पडलं होतं!"

*

मीनलचा थेसिस हा नाजूक विषय आहे. तिचा प्रोफेसर प्रत्येक चॅप्टर 'जवळजवळ झाला' म्हणून परत पाठवतो, आणि तिची आई दर रविवारी फोनवर विचारते, "झालं का गं?" एका गुरुवारी ती प्रेझेंटेशन देऊन सरळ इकडेच आली. प्रोफेसरने म्हणे सगळ्यांसमोर विचारलं होतं, यात नवीन काय आहे? हे सांगता सांगता तिने डोकं टेबलावर ठेवलं आणि ताट यायच्या आत गाढ झोपली.

अनघा उठवायला गेली तर होर्स्टने हात आडवा केला. स्वतःचं जॅकेट आणून तिच्या पाठीवर टाकलं. मग शेजारच्या टेबलावर गेला. तिथे पत्ते खेळणाऱ्या म्हाताऱ्यांची कायमची बैठक असते, आणि पत्ता आपटल्याशिवाय त्यांना खेळता येत नाही. होर्स्टने ओठांवर बोट ठेवलं. आणि काय सांगू! त्यांनी पत्ते अलगद, बाळाला पाळण्यात ठेवावं तसे ठेवायला सुरुवात केली. आम्हीही कुजबुजत जेवलो.

बऱ्याच वेळाने मीनल ताडकन उठून बसली. गालावर टेबलक्लॉथची नक्षी उठलेली. समोर कोण आहे ते न बघता खणखणीत इंग्लिशमध्ये म्हणाली, "नेक्स्ट स्लाइड, प्लीज!"

इथल्या युनिव्हर्सिटीत भाषण आवडलं की टाळ्या वाजवत नाहीत, बोटांनी टेबलावर टकटक करतात. त्या म्हाताऱ्यांतला कुणी युनिव्हर्सिटीच्या पायरीवर चढला नसेल. पण एकाने हातातले पत्ते खाली ठेवले आणि टेबलावर टकटक केलं. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनी.

मीनल आधी हसली, आणि मग जी रडायला लागली ती काही केल्या थांबेना. "ताई," अनघाला म्हणाली, "आज पहिल्यांदा वाजवलं कुणी!"

*

हा अगदी छोटा. मी एकदा होर्स्टला विचारलं, तुझं आणि एल्वीराचं जमलं कसं?

"ती माझ्या बसमध्ये चढली. नवीन होती शहरात. तिला स्टेशनला जायचं होतं. माझी बस उलट्या दिशेने चालली होती."

"मग?"

"मी सांगितलं नाही."

"आणि कधी सांगितलंस?"

"आल्झो… म्हणजे… लग्न झाल्यावर."

आतून एल्वीराचा आवाज आला, "मला पहिल्याच स्टॉपला कळलं होतं!"

*

सासूबाई राहायला आल्या तेव्हाचा गुरुवार. त्या मूळच्या मालवणच्या, पण लग्नानंतर सासरच्या रिवाजाने दत्ताचा गुरुवार धरायला लागल्या तो आजपर्यंत. "तुम्ही जेवा हो जावईबापू, मी नुसती बसते," म्हणून आमच्याबरोबर आल्या. आता एल्वीराच्या दारात येऊन कुणी नुसतं बसू शकत नाही. ती कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. अनघा ड्यूटीवरून आलेली, मी मीटिंगमधून, दोघांनाही बोलायचं त्राण नव्हतं. त्यामुळे दुभाषाचं काम आमच्या मुलीकडे, ईशाकडे आलं. ईशा इथेच जन्मलेली. तिला मराठी सगळं समजतं, पण तोंड उघडलं की जर्मन!

सासूबाई मराठीत सांगतायत, धान्य नाही, कांदा-लसूण नाही, रताळं चालतं, केळं चालतं. ईशा जर्मनमध्ये सांगतेय, "आजीला देवाने डाएट दिलंय."

एल्वीरा आत गेली आणि मोठी केळी लोण्यात परतून, वर घट्ट साय घालून घेऊन आली. सासूबाईंनी हात जोडले आणि खाल्लं. मग एल्वीरा त्यांच्या शेजारीच टेकली. म्हणाली, "मीपण करते उपास. ईस्टरच्या आधी, शुक्रवारी."

सासूबाईंना बाई एकदम आपली वाटली. "हो का! काय काय चालतं गं तुला?"

ईशाने विचारून मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं. "मटण नाही, चिकन नाही. फक्त फिश."

"काय?" सासूबाईंनी माझ्याकडे वळून खात्री करून घेतली. "उपासाला मासे?"

"हो, आई."

सासूबाईंनी उरलेला केळ्याचा तुकडा चमच्याने बाजूला सारला. मग खोल आवाजात म्हणाल्या, "मालवणात जन्म घेतला मी, आणि हे मला आत्ता सांगताय!"

*

वाल्डॉर्फहून माझा मित्र कौस्तुभ आला होता. सॉफ्टवेअरवाला. त्याला जेवणाला उशीर झालेला खपत नाही आणि होर्स्टला घाई केलेली खपत नाही. शेवटी कौस्तुभने त्याला बसवून समजावलं. टेबलावर कोड लावायचा, लोक फोनवर ऑर्डर देणार, ती थेट किचनमध्ये जाणार. तुला फेऱ्या नाहीत, लिहायला नको, बोलायला नको!

होर्स्ट "गेनाऊ, गेनाऊ" करत सगळं ऐकून घेत होता. म्हणजे 'बरोबर, बरोबर'. कौस्तुभ खूश.

"आणि मी काय करायचं?" होर्स्टने विचारलं.

"तू आराम कर!"

"केला," होर्स्ट म्हणाला. "रिटायर झाल्यावर घरी बसून केला. महिनोन्‌महिने कुणी माझ्याशी बोललं नाही, बस थांबवायचं बटणही दाबलं नाही. तू काय घेणार ते सांग."

कौस्तुभने मुकाट्याने तोंडाने सांगितलं.

*

आता एकच राहिलाय.

गेल्या वर्षभरात रेनाटेकाकूंचं विसरणं वाढलं. आधी चष्मा, मग माणसांची नावं, मग लिफ्टमध्ये आपल्या मजल्याचं बटण. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, तेही त्या विसरल्या. गुरुवारी पेपियान आलं की त्या विचारायच्या, "यात काय आहे हो?" आणि होर्स्ट दर वेळी पहिल्यापासून सांगायचा, भोपळ्याच्या बिया, तीळ, टोमॅटो, जणू पदार्थ आजच सुरू केलाय. काका हसायचे. पण काका फार दमले होते. त्यांची मुलगी म्यूनिकहून फोन करून काकूंना एखाद्या वृद्धाश्रमात ठेवायचं का असं विचारायची, तर ते म्हणायचे, "बघू." 

एका सोमवारी दुपारी मी घरून काम करत होतो. बेल वाजली. दारात काका. "रेनाटे गेली!"

मी त्यांना धरून आत बसवायला लागलो. तसे ते ओरडले, "अरे, बाहेर गेली! मला खुर्चीत डोळा लागला, आणि दार उघडं!"

आम्ही धावलो. बेकरी झाली, बस स्टॉप झाला, चर्चच्या मागची बाग झाली. काकांना दम लागला होता, पण ते थांबेनात. तेवढ्यात होर्स्टचा फोन आला. "तुमच्या काकू इथे आहेत. धावू नका."

रेस्टॉरंट सोमवारी बंद असतं. दार नुसतं लोटलेलं होतं, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. काउंटरमागे एल्वीरा उद्याची तयारी करत होती आणि तिच्या शेजारी एप्रन बांधून रेनाटेकाकू उभ्या होत्या. दोन तळव्यांत मक्याच्या पिठाचा गोळा घेऊन टोर्टिया थापत होत्या. वेड्यावाकड्या होत होत्या, पण होत होत्या. काकूंचा चेहरा इतका निवांत मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

काका दारातच थबकले. काकूंनी मान वर केली. आयुष्यभर त्या काकांना 'डू' म्हणत आल्या, म्हणजे 'तू'. आज त्यांनी 'झी' म्हटलं. परक्या माणसाला म्हणतात ते.

"सोमवारी बंद असतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माहीत नाही का? उद्या या."

एल्वीरा काही बोलणार होती. काकांनी हाताने तिला थांबवलं.

"माफ करा," ते म्हणाले. "उद्या येतो."

आणि बाहेर पडले. मी मागोमाग. समोरच्या बस स्टॉपच्या बाकावर ते जाऊन बसले. एक बस आली, दार उघडलं. काकांनी ड्रायव्हरला हातानेच 'जा' म्हणून सांगितलं. मला वाटलं, रडतायत. पण ते खाली पायांकडे बघत होते.

"घरातल्या स्लिपर घालून आलो बघ," म्हणाले.

थोड्या वेळाने ते उठले. शर्टाचं वरचं बटण लावलं, हाताने केस सारखे केले आणि रस्ता ओलांडून परत गेले. दार ढकललं.

"गूटन टाग," काका म्हणाले. "मंगळवार झाला."

काकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. हात एप्रनला पुसले, बाहेर आल्या आणि खिडकीजवळच्या टेबलावरच्या खुर्च्या एकेक करून खाली घेतल्या.

"एकटेच?"

"नाही," काका म्हणाले. "बायको येतेय."

"बरं. ती येईपर्यंत मी बसते मग," रेनाटेकाकू म्हणाल्या, आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसल्या.