तुळजाक्का लहान मूल ठरल्या तेव्हा

मैत्रिणींनो, कॉन्व्हेंट शाळेच्या व्हरांड्यात सिस्टरना कळू नये म्हणून आपण मराठीत कुजबुजायचो, आठवतं? आज सकाळी कॉलेजात त्याच मराठीसाठी भांडून आले.

आपल्या या तमिळ मुलखातल्या गावी, राजवाड्याजवळच्या गल्ल्यांत घरोघरी कोण मराठी बोलतं, याची आमच्या विभागाने पाहणी केली होती. कंप्यूटरने निकाल दिला: सर्वांत जास्त बोलतात ती दहा वर्षांखालची मुलं! विभागप्रमुख खूश. "मुलं बोलतातच, अम्मा. मग संध्याकाळचा मराठी वर्ग बंद करू या."

माझी नातसुद्धा मला तमिळमध्ये उत्तर देते. मी त्या 'मुलांची' नावं काढली. पहिलंच नाव तुळजाक्कांचं. त्यांना पणतू आहे!

आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका दृष्ट लागेल म्हणून वय सांगत नाहीत. तो रकाना रिकामा राहिला. प्रोग्रॅममध्ये अट होती, वय दहापेक्षा कमी तर मूल. आणि हे सॉफ्टवेअर रिकाम्या जागेला प्रत्येक आकड्यापेक्षा लहान मानतं.

"रिपोर्ट टाइप झालाय, सही करा," सर म्हणाले.

"तुळजाक्कांना आधी पाळण्यात घाला, मग करते."

'वय भरलेलं असेल तरच' अशी अट घालून प्रोग्रॅम पुन्हा चालवला. मुलं जवळजवळ नाहीशी झाली. पण आता वर्ग कसा बंद करतात तेच बघते.

पद्मा, तुझ्या मद्रासच्या ऑफिसातही हेच सॉफ्टवेअर आहे, म्हणून प्रोग्रॅमची दुरुस्त केलेली ओळ पाठवतेय. नवा तक्ता विभागप्रमुखांना आणि वर्गाच्या बाईंना. जुना, गोड निकाल मात्र कोणी मागितला तरी कोणालाही नाही.