ड्यूकशेजारचा माणूस

सुप्रभाताई दामले एडिनबराच्या एका हॉस्पिटलात डाएटिशियन होत्या. सगळा जन्म लोकांना "दिवसाला बिस्किटं किती?" असं विचारण्यात गेला आणि सगळा जन्म लोक त्यांच्याशी खोटं बोलले. त्यामुळे समोरचा थापा मारतोय हे त्यांना डोळे मिटूनही कळतं. "दोनच," असं म्हणताना माणसानं कान चोळला की त्या मनात 'अख्खं पाकीट' असं लिहून घेत.

रिटायर झाल्यावर त्या मुलाकडे, शार्दूलकडे, राहायला गेल्या. शार्दूल आणि त्याची बायको ऋजुता दोघंही घरून काम करतात, म्हणून त्यांनी एडिनबरापासून दीड तासावर मॉसकर्क नावाच्या पॅरिशमध्ये घर घेतलं होतं. पॅरिश म्हणजे एका चर्चभोवतीच्या वाड्यावस्त्या. इथे चर्च आहे, हॉल आहे, एक पब आहे आणि बाकी सगळ्या मेंढ्या आहेत. मी त्यांची एडिनबरातली जुनी मैत्रीण. पहिल्या महिन्यात ताईंचा मला रोज फोन. "अनुराधा, इथे बोलायला कोणी नाही गं. काल एका मेंढीला मी 'कशी आहेस' म्हटलं."

मग ऋजुतानं सुचवलं, "आई, हॉलमध्ये चेअर योगा असतो, जाऊन तर बघा."

ताई गेल्या, पण मंगळवारी. योगा बुधवारी असतो. हॉलमध्ये खुर्च्या गोलात मांडलेल्या, पाचसात वयस्कर माणसं बसलेली. ताईही बसल्या. थोडा वेळ कोणी काही करेना, तेव्हा त्यांनी आपलं वॉर्म-अप म्हणून दोन्ही हात वर ताणले. नेमकं त्याच वेळी अध्यक्षीणबाई एल्स्पेथ विचारत होत्या, "सेक्रेटरीपदासाठी कोणी तयार आहे का?"

"आणि दोन्ही हात!" एल्स्पेथबाईंना भरून आलं. "इतका उत्साह या संस्थेत कधीच कोणी दाखवलेला नाही."

अशा रीतीने सुप्रभाताई मॉसकर्क पॅरिश हेरिटेज सोसायटीच्या सेक्रेटरी झाल्या. संस्थेचं काम पॅरिशचा आणि तिथल्या घराण्यांचा इतिहास जपायचा. म्हणजे जुने फोटो गोळा करायचे, थडग्यांवरची अक्षरं वाचून ठेवायची, म्हाताऱ्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या. ताई मला म्हणाल्या, "योगाच समज. फक्त वाकायचं थडग्यांपुढे."

त्यांना हे काम जमलं त्याचं कारण अगदी मराठी होतं. तिथली माणसं भिडस्त. एकमेकांना तीस वर्षं ओळखतील, पण घरचं काही विचारणार नाहीत. ताई दारात उभ्या राहून सरळ विचारत, "तुम्ही मूळचे कुठले? आईचं माहेर कुठलं? मग त्या पलीकडच्या फार्मवाल्या तुमच्या कोण?" लोक आधी दचकले. मग दार उघडून चहा ठेवू लागले. असं आपल्याला कधी कोणी विचारलंच नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं.

हॉलच्या भिंतीवर एक जुना मोठा फोटो होता. त्यात एक प्रचंड मेंढा, जिल्ह्याच्या प्रदर्शनात पहिला आलेला. त्याच्या गळ्याला दोरी, दोरी धरून एक सडपातळ माणूस, डोक्यावर टोपी, ओठावर मिशी. डाव्या बाजूची मिशी उजवीपेक्षा बरीच कमी. मेंढ्याने मान वळवून त्या माणसाकडे अगदी प्रेमानं पाहिलेलं. खाली पितळी पट्टीवर कोरलेलं: "मॉसकर्कचा ड्यूक, शेव्हियट जातीचा मेंढा." पुढे त्याचा बाप, त्याचा आजा, पणजा, आणि आईकडच्याही तीन पिढ्या.

"आणि हे गृहस्थ कोण?" ताईंनी एका सभेत विचारलं.

"ते... ड्यूकबरोबर होते," एल्स्पेथबाई म्हणाल्या.

ताईंना हे सहनच होईना. मेंढ्याची दोन्हीकडच्या तीन पिढ्यांची वंशावळ आणि माणसाला साधं नाव नाही! त्यांनी दारोदार फिरून फोटोची प्रत दाखवली. सगळे मेंढा ओळखायचे. "वा, काय पाय आहेत!" माणसाबद्दल विचारलं की, "कोण माणूस? अरेच्चा, इथे माणूस आहे की!"

तेवढ्यात बातमी आली की जिल्ह्याच्या प्रदर्शनाला यंदा मोठा वर्धापन सोहळा आहे आणि हा फोटो दारापाशी माणसाच्या उंचीएवढा मोठा करून लावणार आहेत. झालं. ज्याला कोणी विचारत नव्हतं, त्या माणसाला एका आठवड्यात दोन घराणी फुटली.

सँडी टर्नबुल म्हणाला, "ते माझे पणजोबा. नाक बघा." सँडी हा सहा फुटी शेतकरी, त्याचं नाक दारातून त्याच्याआधी आत येतं.

मॉइरा ओलिव्हर म्हणाली, "नाक सोडा, मिशी बघा. आमच्या घराण्यात पुरुषांची डावी मिशी कधीच नीट उगवत नाही. पिढीजात आहे." मॉइरा पोस्टमन होती, त्यामुळे हे म्हणणं दुसऱ्या दिवशीपर्यंत घराघरात पोचलं.

पबमध्ये टर्नबुल एका टेबलावर आणि ओलिव्हर दुसऱ्या टेबलावर बसू लागले. शेवटी एल्स्पेथबाईंनी तोडगा काढला, की याची शास्त्रीय तपासणी करू. हॉलमध्ये पडदा लावून मागून दिवा सोडायचा आणि दोन्ही घराण्यांतल्या माणसांनी एकेक करून बाजूचा चेहरा दाखवत उभं राहायचं. पडद्यावर सावलीचं नाक पडायचं, ते फोटोतल्या नाकाशी ताडून बघायचं. टर्नबुलांनी चुलतभाऊसुद्धा बोलावले होते. ओलिव्हरांच्या तीन पुरुषांनी महिनाभर मिशा वाढवल्या होत्या. त्या दोन्ही बाजूंनी सारख्याच उगवल्या, म्हणून मॉइरा त्यांच्यावर चिडली होती. आरडाओरडा इतका झाला, की कोणाचातरी कुत्रा पडदा ओढून घेऊन गेला.

ताई कोपऱ्यात बसून माणसं बघत होत्या. घरी येऊन मला फोन. "अनुराधा, पणजोबा म्हणताना सँडी कान चोळतो. मिशी म्हणताना मॉइरा. दोघंही पाकीटभर खोटं बोलतायत."

"मग खरं कोणाला माहीत?"

"एकच बाई उरल्यात. मिसेस टेट. नव्वदी उलटलीये, गावाबाहेरच्या केअर होममध्ये आहेत. बस दिवसातून एकदा जाते आणि परत येतच नाही. तू गाडी घेऊन ये."

मी गेले. मिसेस टेट खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर शाल, नजर तल्लख. ताईंनी आधी त्यांना माहेर (माहेरच्याही त्या टेटच निघाल्या), आजोळ सगळं विचारून घेतलं, मग रेकॉर्डिंग सुरू करून फोटो पुढे केला. "हे गृहस्थ कोण, सांगाल का?"

मिसेस टेटनी चष्मा पुसला, फोटो बघितला आणि हसायला लागल्या. त्या इतक्या हसल्या की नर्स धावत आली.

"अगं बाई, हे कसले गृहस्थ? ही आमची जेसीआत्या!"

ताईंनी माझा हात घट्ट धरला.

गोष्ट अशी होती. मिसेस टेटचे वडील मेंढपाळ. ड्यूक त्यांच्याच हाती वाढला, पण तो ऐकायचा फक्त त्यांच्या बहिणीचं, जेसीचं. ती त्याच्या लहानपणापासून त्याला ओटकेक, म्हणजे ओटची बिस्किटं, भरवायची. प्रदर्शनाच्या सकाळी ड्यूकनं वडिलांच्या पायावर पाय दिला. अंगठा सुजून बटाट्याएवढा झाला. रिंगणात मेंढा घेऊन बायकांनी जायचं नाही, असा नियम. आणि जेसीशिवाय ड्यूक जागचा हलेना. मग जेसीनं भावाची ट्राउझर्स चढवली, कोट घातला, केस टोपीत कोंबले.

"आणि मिशी?" मी विचारलं.

"ड्यूकचीच. पोटाखालची लोकर कापली आणि काकवीनं चिकटवली."

ताईंनी फोटो परत हातात घेतला. मेंढ्याची ती प्रेमळ वळलेली मान, बाहेर आलेलं जिभेचं टोक, ती कमी पडलेली डावी मिशी.

"तो मिशी चाटतोय!" ताई ओरडल्या.

"डावी बाजू संपवली होती त्यानं," मिसेस टेट म्हणाल्या. "पंच आले तेव्हा आत्यानं तोंड फिरवून घेतलं. पंचांना वाटलं, लाजरा पोरगा आहे."

पुढच्या मंगळवारी ताईंनी हॉलमध्ये ते रेकॉर्डिंग ऐकवलं. टर्नबुल आणि ओलिव्हर दोघंही खुर्च्यांत खचले. सँडी उठून फोटोजवळ गेला. "म्हणजे मी महिनाभर एका बाईच्या नाकावर हक्क सांगतोय?"

"मी मेंढ्याच्या लोकरीवर," मॉइरा म्हणाली. मग दोघंही हसू लागले आणि त्या दिवशी पबमध्ये एकाच टेबलावर बसले.

पण भानगड संपली नव्हती. शेजारच्या ब्रॅकनहिल पॅरिशला वास लागला. त्या वर्षी त्यांचा मेंढा दुसरा आला होता. त्यांच्या सोसायटीचे अध्यक्ष, मिस्टर पिंगल, टाय लावून हजर झाले. "रिंगणात स्त्री होती. नियमभंग आहे. पहिला नंबर आमच्या सुलतानचा. चषक द्या."

चषक कुठे आहे हे कोणालाच आठवेना. शेवटी तो चर्चमध्ये सापडला. त्यात छत्र्या होत्या.

एल्स्पेथबाई घाबरल्या. ताई शांतपणे उठल्या. "जरूर, मिस्टर पिंगल. नियम म्हणजे नियम. फक्त एक सांगा. तुमच्या सुलतानला घेऊन रिंगणात कोण होतं? तो पुरुषच होता, एवढं सिद्ध करा."

मिस्टर पिंगलांनी तोंड उघडलं. सुलतानचा बाप सांगितला. सुलतानचा आजा सांगितला.

"माणूस," ताई म्हणाल्या.

मिस्टर पिंगलांनी टाय सैल केला. "फोटोत... कडेला टोपी घातलेलं कोणीतरी आहे खरं."

"मिशी आहे?"

"आहे. जरा जास्तच आहे."

चषकाचा विषय तिथेच बुडाला. आठवड्यानं तेच मिस्टर पिंगल ताईंच्या दारात उभे होते, हातात केक. आमच्याही गावात घरोघर येऊन असं विचाराल का, म्हणाले. त्यांच्याकडे म्हणे कोणाला तोंड उघडून विचारता येत नाही. ताई आता बुधवार-शुक्रवार ब्रॅकनहिलला असतात. चेअर योगाला अजून एकदाही गेलेल्या नाहीत.

पितळी पट्टी नवी केली. पहिलं नाव जेसी टेट, मेंढपाळ. मग ड्यूक, मग त्याची वंशावळ. ड्यूकचा एक पणजा जागेअभावी गाळावा लागला, त्यावर सभेत मतदान झालं आणि सँडी अजूनही नाराज आहे.

प्रदर्शनाच्या दिवशी मी मिसेस टेटना व्हीलचेअरवरून घेऊन गेले. दारापाशी जेसीआत्या आणि ड्यूक, माणसाच्या उंचीएवढे. लोक थांबत, मिशी बघून हसत आणि मग नाव वाचत. मिसेस टेटनी हात पुढे करून आत्याच्या गुडघ्याला, फोटोतल्याच, स्पर्श केला.

ताई त्यांच्याशेजारी वाकून उभ्या होत्या. "पुढे काय झालं त्यांचं?"

"सीमेपलीकडे गेली. इंग्लंडात. तिथे स्वतःचा कळप केला, नावानिशी. लग्न नाही केलं. विचारायला आलेल्या एकाला ड्यूकनं ओढ्यात ढकललं म्हणतात." त्या गालात हसल्या. "आणि बाबांची ट्राउझर्स तिनं कधी परत दिलीच नाहीत. बाबा मरेपर्यंत मागत होते."