फुगलेली बॅटरी आणि सारसाचं पिल्लू

नोव्हेंबरअखेर दोन सुट्ट्या लागून आल्या आणि मी नागपूरहून गोंदियाची सकाळची गाडी पकडली. फिरायचं म्हणून नाही, शब्द दिला होता म्हणून. पावसाळ्यात गोरेगाव तालुक्यातल्या एका धानाच्या बांधीत सारसांच्या जोडीनं घरटं केलं होतं. बांधी सुकरामकाका आणि दुरपतामावशींची. नात्याचे नाहीत, पण पहिल्याच भेटीत त्यांनी मला भात वाढला, तेव्हापासून ते काका आणि त्या मावशी. घरट्याभोवतीच्या धानाला काकांनी हात लावला नाही, तिकडे फिरकलेही नाहीत, आणि मावशींनी राखण केली. कुत्री, गुरं, माझ्यासारखे कॅमेरेवाले, सगळ्यांना लांब ठेवलं. मी पार पलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहून मोठ्या लेन्सनं फोटो काढले. पिल्लू निघालं ते मी पाहिलं, मावशींनी नाही. त्या कायम घरट्याकडे पाठ करून उभ्या. "आपुन पाह्यलं का पाखरूबी आपल्याकडे पाहते, मंग अंड्यावरून उठते," असं त्यांचं म्हणणं. पुढे धान वाढला आणि पिल्लू त्यात दिसेनासं झालं. निघताना मी म्हटलं होतं, "मावशी, पिल्लू तुम्हाला मी दाखवीन."

तर फोटो लॅपटॉपमध्ये आणि लॅपटॉप पाठीवर. दुसरी प्रत नव्हती. मी शाळेत संगणक शिकवते आणि 'प्रत ठेवा रे' म्हणून मुलांच्या मागे लागते, तेव्हा हसायचं असेल तर इथेच हसून घ्या.

गोंदिया स्टेशनाबाहेर समोसा खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. सोबत हिंदी फुकट मिळते. "मॅडम, तिखी चटनी दूँ के साधी?" म्हणणारा माणूस पुढच्याच गिऱ्हाइकाशी मराठीत भांडत होता. तिथून गोरेगावची एसटी. बस वेळेवर सुटेल अशी आशा ठेवू नका, सुटली तर आनंद माना. भाडं इतकं कमी की घासाघीस करायची सवय असलेल्यांना चुकल्यासारखं वाटेल. दोन्ही बाजूंना कापून ठेवलेला धान आणि गाडीभर त्याचा गोडसर वास.

गोरेगावला बाजाराचा दिवस होता. चहाच्या टपरीवर काकांची वाट पाहत बसले आणि बॅगेची चेन लागत नाहीये असं लक्षात आलं. लॅपटॉप काढून बाकावर ठेवला तर तो पाय मोडलेल्या पाटासारखा डुगडुगायला लागला. टचपॅड वर आलेलं, खालच्या झाकणाला पोट सुटलेलं. बॅटरी फुगली होती. मी तो आधी पूर्ण बंद केला. अशा वेळी दोनच नियम: चार्जिंगला लावायचा नाही आणि 'बसतंय का बघू' म्हणून दाबायचा तर मुळीच नाही. आत गॅस असतो, भोक पडलं की आग. पर्समध्ये छोटा स्क्रूड्रायव्हर कायम असतो, पण बाजाराच्या गर्दीत उघडायचा माझा विचार नव्हता. काका मोटारसायकल घेऊन आले आणि मी बॅग मांडीवर तान्ह्या मुलासारखी धरून मागे बसले.

"जयभीम, बाई. आज लय जपून राहिल्या बॅगेले?" काकांनी विचारलं.

"आतली बॅटरी फुगली आहे काका. खड्डे चुकवा."

"मंग त सायकलनंच याले पाह्यजे होतं," असं म्हणून त्यांनी पहिला खड्डा नेमका घेतला.

घरी पोचल्यावर मावशींनाही तेच सांगितलं, फुगलाय, हात लावू नका. हातपाय धुऊन आले तर बॅग रिकामी.

"मावशी, लॅपटॉप?"

"वाळू घातला न."

"कुठे?"

"चुलीवरच्या मचानावर. ओल लागली त्याले, म्हनून फुगला. आमचा दरवाजाबी पावसात फुगते, उन्हाळ्यात बसते जाग्यावर. भोपळ्याच्या तुंब्यात बियानं हाये, त्याच्याजवळ ठेवला, धुराची ऊब लागते तिथं."

खाली चूल पेटलेली, भात रटरटतोय, आणि पाच हातांवर घरट्याचे सगळे फोटो शेकत होते. मी घाबरले.

"मावशी, लाकडं मागे ओढा. हळू."

पाटावर चढून मी लॅपटॉप दोन्ही हातांनी उतरवला. गरम होता, पण पोट तेवढंच होतं. अंगणात नेला, धानाच्या वाळल्या तणसीपासून लांब, आणि गार होऊ दिला. मावशींचा चेहरा पडला होता. "मी त त्याले वाचवून राहिली होती," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "माहीत आहे. आता दोघी मिळून वाचवू. एक माठ आणा आणि कोरडी रेती."

पुढचं काम माझं होतं आणि ते मला येतं. झाकणाचे स्क्रू काढले, बॅटरीची वायर सोडवली, मग तिचे स्क्रू. न वाकवता, न ओढता ती अलगद वर आली. "पापडावानी फुगली बाई," मावशी म्हणाल्या. रेतीत ठेवून वरून आणखी रेती घातली आणि माठ अंगणाच्या टोकाला नेऊन ठेवला. घरी असं करताना तुमचा हात बसलेला नसेल, तर बंद करून दुरुस्तीवाल्याकडेच न्या.

आता लॅपटॉप फक्त वायरवर चालणार होता आणि गावात लाईन, म्हणजे वीज, नव्हती. जेवणं झाली: भात, लाखोरीची डाळ, बोडीतली, म्हणजे छोट्या तळ्यातली, मासोळी. यासाठीही कोणी नागपूरहून यावं. दिवेलागणीला लाईन आली. काका बैल बांधायला गेले होते. मी वायर लावली, लॅपटॉप सुरू झाला आणि पहिला फोटो उघडला.

मावशींनी पडद्यावर बोट ठेवलं, पण सारसावर नाही. "ही कोन बाई, मागं?"

"तुम्हीच."

दूर, हातात काठी, घरट्याकडे पाठ आणि कॅमेऱ्याकडेही पाठच. मी हे फोटो कितीदा पाहिले असतील, त्या मला दिसल्याच नव्हत्या. पुढचा फोटो: मादी अंड्यांवर, मागे मावशी. तिसऱ्यात पंखाखालून पिल्लाचं तपकिरी डोकं बाहेर आलेलं. मावशी वाकल्या. त्यांनी पिल्लाच्या डोक्यावरून बोट फिरवलं.

आणि लाईन गेली. बॅटरी नाही म्हटल्यावर पडदाही काळा. काका दारात आले.

"माह्यं राहिलं न पाहाचं."

"बसा," मावशी म्हणाल्या. "मी सांगतो तुमाले."

अंधारात त्या सांगत बसल्या. पिल्लाची मान, पिल्लाची चोच, ते मायला काय म्हणत असेल, माय त्याला काय म्हणत असेल. फोटोत यातलं निम्मंही नव्हतं.

सकाळी निघेपर्यंत लाईन आली नाही. जाताना बॅटरी पत्र्याच्या डब्यात रेतीसकट गोरेगावच्या दुकानात दिली, जुन्या बॅटऱ्या घेतात तिथे. "रेत में ही रहने दो," इतकंच दुकानदार म्हणाला. नागपूरला नवी बॅटरी घातली, तीन ठिकाणी प्रती ठेवल्या आणि तिसऱ्या फोटोची मोठी छपाई करून पाठवली. तुम्ही जाणार असाल तर धान कापल्यावर जा, सारस उघड्या बांधीत दिसतात. लांबूनच पाहा.

मागच्या आठवड्यात काकांचा फोन आला.

"फोटो भेटला बाई. चांगला हाये."

"आता पाहिलं ना पिल्लू?"

"पाह्यलं," काका म्हणाले. "पन हिनं सांगितलं होतं ते मोठं होतं."