बिस्मिल्लाबीची जहाजावरची जुमेरात

मुंबईहून कोचीला निघालेल्या जहाजावर पाय ठेवल्यापासून अचलपूरच्या बिस्मिल्लाबी हरखून गेल्या होत्या. गोधड्या शिवता शिवता केस पांढरे झाले, अन् आता लेकाच्या कृपेनं थेट समुद्र. धोक्याचा भोंगा वाजल्यावर कुठं जमायचं, त्याच्या तालमीत लाइफ जॅकेट सगळ्यांत आधी त्यांनीच घातलं, अन् फोटो निघेपर्यंत काढलं नाही.

घोर एकच होता, नवरा अब्दुल रहीमच्या बिडीचा. बिडी वरच्या डेकवरच्या कोपऱ्यातच ओढायची; खोलीत ओढली तर पुढच्या बंदरावर उतरवतात, असं जहाजवाल्यांनी बजावलं होतं. म्हणून अब्दुल रहीमची काडीपेटी त्यांनी आपल्या बटव्यात कोंडली.

गुरुवारी सांज झाली. घरच्या सवयीनं त्यांनी खोलीतच जुमेरातची लोबान अगरबत्ती लावली, त्याच काडीपेटीनं. छताला लावलेलं धूर ओळखणारं यंत्र असं कोकललं, की दोन कर्मचारी धावत आले.

"मी बिडी नाई पेत जी, हे तं खुशबू हाय," बिस्मिल्लाबी म्हणाल्या.

"आगीला काय फरक पडतो, आजी?" त्यातला मालवणचा पोरगा म्हणाला. "पुन्हा झालं तर उतरावं लागेल." अगरबत्ती अन् काडीपेटी घेऊन तो गेला.

"कावून, उतरतं का?" अब्दुल रहीम हसले, मग एकदम थांबले. "अवं, माही काडीपेटी नेली न त्यानं."

"बरं झालं," बिस्मिल्लाबी बाल्कनीकडं वळल्या. "आता मले निवांत समुद्र पाहू द्या."