चूल घेऊन माहेरी

मे महिना लागला की आमच्या डोंबिवलीच्या चाळीत एकच प्रश्न फिरायचा, "तुम्ही कधी निघणार?" कुठे निघणार, हे कुणी विचारत नसे. निघायचं म्हणजे आजोळी. ट्रंका बाहेर यायच्या, वळकट्या बांधल्या जायच्या, टांगा दारात उभा राहायचा आणि एकेका दाराला कुलूप लागायचं. दुसऱ्या आठवड्यापर्यंत आमच्या मजल्यावर फक्त आमचंच दार उघडं उरायचं.

आमचं आजोळ संपलं होतं. आईचे आईवडील मी अगदी लहान असताना पाठोपाठ गेले. एकुलत्या एक मामानं घर विकलं आणि नोकरीच्या गावी दीड खोलीत बिऱ्हाड केलं. तिथे त्याचीच पाच माणसं मावत नव्हती. त्याची पत्रं यायची, पण बोलावणं यायचं नाही. आई त्याबद्दल चकार शब्द काढायची नाही. ती आम्हाला कामाला लावायची. मी नऊची, बहीण सहाची आणि भाऊ चारचा. सकाळी खाटा अंगणात काढून त्यांच्यावर कढत पाणी ओतायचं, म्हणजे ढेकूण मरतात. मग मोरंब्याच्या कैऱ्या किसायच्या, चिंचा फोडायच्या, जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून त्यांची नवी वही शिवायची. रविवारी बाबा आम्हाला कल्याणच्या खाडीवर होड्या दाखवायला न्यायचे, नाहीतर ठाण्याच्या तलावावर. आज कळतं, त्या बाईनं आमचे दिवस किती मेहनतीनं भरले होते. तेव्हा मला वाटायचं, ही आपल्याला नादी लावतेय.

मी मुलखाची फटकळ. एके दिवशी बोलून मोकळी झाले. "सगळ्यांना आजोळ असतं, आपल्यालाच नाही. तुला कुणी बोलवतच नाही."

दारात भाजीवाली आजी टोपली उतरवून बसली होती. आई तोंडली निवडत होती. तिचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला आणि ती म्हणाली, "पाव शेर पुरेत."

ही भाजीवाली आजी खाडीकाठच्या एका गावातून यायची, तासभर चालत. त्यांची भातशेती होती. उन्हाळ्यात घरातले पुरुष मिठागरावर जायचे आणि ती टोपलीत भाजी घेऊन चाळी फिरायची. तीन मुलगे, मुलगी नाही. आम्ही चाळीत राहायला आलो तेव्हापासून ती आमच्याकडे यायची, पाणी प्यायची, आईशी दोन सुखदुःखाच्या गोष्टी करायची. तिच्यासाठी कोनाड्यात एक वेगळा पेला ठेवलेला होता. त्यात काही वावगं आहे असं आम्हाला कुणालाच वाटत नव्हतं, बहुधा तिलाही नाही.

तोंडली तोलून झाल्यावर ती आईला म्हणाली, "तुला माहेर नाय तं माझ्याकडं ये. मना पोरगी नाय. आठ दिस रहा, पोरांना घेऊन ये."

आई हसली. अशा बोलण्यावर हसतात तशी. पण आजी चार दिवसांनी पुन्हा आली आणि तिनं दिवसच ठरवून टाकला. शनिवारी थोरला मुलगा बैलगाडी घेऊन येईल म्हणाली.

बाबा रागीट नव्हते. सोवळ्याओवळ्याचंही त्यांना फार नव्हतं. पण लोक काय म्हणतील याचं होतं, आणि त्यातून सुटलेला माणूस मी त्या काळात तरी पाहिला नाही. संध्याकाळी त्यांनी आईचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जा. मुलांना मोकळी हवा मिळेल. पण शिजवायचं आपलं आपण. पाणीसुद्धा आपल्या हातचं. त्यांच्याकडे मासळी शिजते. मला शब्द दे."

आईनं लगेच शब्द दिला. जायला मिळतंय म्हटल्यावर तिनं त्या क्षणी कशालाही हो म्हटलं असतं.

आम्ही पोचलो तेव्हा आजी दारात उभी होती. तिनं भाकरीचा तुकडा आणि पाणी आईवरून ओवाळून टाकलं, मग आम्हा तिघांवरून. आईचे डोळे भरून आले. मी आईला रडताना फार थोड्या वेळा पाहिलं, त्यातली ही एक. मग गाडीतून सामान उतरायला लागलं. वळकटी, ट्रंक, आणि तिच्यामागून स्टोव्ह, रॉकेलची बाटली, पातेली, रेशनच्या तांदळाची पिशवी. आजी एकेक वस्तू बघत राहिली.

"माहेराला येताना कोनी चूल घेऊन येतं का गो बाय?"

आई मान खाली घालून म्हणाली, "यांना शब्द दिलाय."

आजी आत गेली, शेणाचा गोळा घेऊन आली आणि पडवीचा एक कोपरा स्वतः सारवून दिला. "हतं मांड तुझा संसार," म्हणाली. तिच्या थोरल्या मुलानं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं की आम्ही येणार म्हणून त्यांच्याकडे आदल्या दिवसापासून मासळी शिजवली नव्हती. आईसाठी नवी मडकी आणून, सुनेनं पहाटे उठून त्यांत वेगळा स्वयंपाक केला होता. तो तसाच राहिला. मी हे आईला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नको, ते मला अजून ठरवता येत नाही.

तर आई माहेरी आली आणि विहिरीवरून पाणी शेंदायला लागली. पडवीच्या कोपऱ्यात उकिडवी बसून ती स्टोव्हला पंप मारायची, पिन करायची, आणि सुपात आमचा रेशनचा तांदूळ निवडायची. मागे घरात कणग्या नव्या भाताने भरलेल्या. सुना येता-जाता बघायच्या आणि बघितलं नाही असं दाखवायच्या. चाळीत जे काम ती उभ्यानं ओट्यावर करायची तेच इथे वाकून करत होती, एवढाच काय तो फरक. आजी तिच्याशी गोडच बोलायची, पण शेजारी येऊन बसायची नाही.

आम्ही मात्र सुटलो होतो. सकाळी पाठीला सुका भोपळा बांधून तळ्यात पडायचं. मग बांधावरून मिठागरावर. तिथे पुरुष लांब दांड्याच्या लाकडी फळीनं मीठ ओढत असायचे, आणि पांढऱ्या ढिगांकडे बघून डोळे दिपायचे. भेगाळलेल्या टाचांत मीठ शिरलं की आम्ही नाचायचो आणि सगळे हसायचे. भरती ओसरली की चिखलात खेकड्यांची बिळं शोधायची. दुपारी कुणीतरी ताडगोळे सोलून द्यायचं. बहीण तर दोन दिवसांत त्यांच्यासारखी बोलायला लागली.

आणि आम्ही खायचो. हे आता कबूल करायला हरकत नाही. आई वेगळं शिजवतेय म्हटल्यावर त्यांच्याकडे पुन्हा मासळी शिजू लागली होती. मागच्या दारी, सुनेच्या हातची तांदळाची भाकरी आणि मासे. पहिल्यांदा मी तोंड वेडंवाकडं केलं, दुसऱ्या दिवशी मागून घेतलं. आजीला हे ठाऊक नव्हतं. सून बिचारी लेकरं भुकेली म्हणून द्यायची, आणि मी तिला थाप मारली होती की आईला माहीत आहे. भावंडांना दम दिला होता, आईला सांगाल तर याद राखा. मग आईपुढे बसून वरणभात चिवडायचा आणि म्हणायचं, भूक नाही. ती काळजीनं माझं कपाळ चाचपून बघायची.

चौथ्या दिवशी माझं बिंग फुटलं. भाऊ मागच्या अंगणातून धावत आला आणि आईपुढे उभा राहून घशाकडे बोट दाखवत ओकाऱ्या द्यायला लागला. त्याला बोलता येईना. आईला कळेना काय झालं. तिनं त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या, पाणी पाजलं, तो आणखीच कासावीस झाला. मी कोपऱ्यात उभी. मला माहीत होतं, तरी मी सांगितलं नाही. शेवटी बहीणच भोकाड पसरून म्हणाली, "त्यानं बोईट खाल्लं."

बोईट म्हणजे खाडीतला मासा. आईला तेही माहीत नव्हतं.

आजी आतून आली ती मुठीत कोरड्या भाताचा गोळा घेऊनच. भावाला मांडीवर घेतलं, तोंड उघडलं, "चावू नको रे बाला, गिल, गिल." एक गोळा, दुसरा गोळा. तिसऱ्याला भावानं मोठ्ठा आवंढा गिळला आणि रडायला लागला. रडला म्हणजे काटा गेला. तिच्या घरच्या चुलीवरचा तो भात, तिच्या हातानं, माझ्या भावाच्या पोटात गेला होता आणि त्याच्यामुळे तो श्वास घेत होता. आई ते सगळं बघत शेजारी उभी होती.

मग तिचा राग उसळला आणि माझ्यावर आला. आलाच पाहिजे होता. तिनं हात उगारला, तर आजीनं तो वरच्या वर धरला.

"माझ्या घरान पोरांवर हात टाकाचा नाय."

आई मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली. मला वाटलं, माशासाठी रडतेय. माशासाठी नव्हतं ते. जरा शांत झाल्यावर म्हणाली, "मला वाढा. माझी पोरं जेवतात तर मीही जेवते. यांना काय सांगायचं ते मी बघेन."

सून ताट आणायला उठलीसुद्धा. आजीनं तिला थांबवलं.

"नाय बाय. पोरांचं येगळं, त्यांना काय कळतं. तू मालकाला शबूद दिलास, तो राख. माझ्या घरान कोनाचा शबूद मोडाचा नाय."

"मग मी काय करू?"

"तू मना वाढ. काय शिजवलंस ते."

आईनं आमच्या ताटलीत वरणभात वाढला, वर तुपाचा थेंब. आजी त्या सारवलेल्या कोपऱ्यात मांडी घालून बसली आणि जेवली. रेशनच्या तांदळातला खडा तिच्या दाताखाली कचकन आल्याचं आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "ग्वाड झालाय," ती म्हणाली आणि खडा हळूच बाजूला ठेवला. आई रडता रडता हसली.

त्यानंतर ती आईजवळ बसायला लागली. दुपारी आईच्या डोक्याला तेल घालायची, आंब्याखाली चटई टाकून तिला निजवायची, कुणी आवाज केला तर ओरडायची. विहिरीवरून पाणी आईच आणायची, पण आजी सोबत जायची आणि दोघी तिकडेच तासभर रमायच्या. जेवण सोडलं तर माहेरपणात काही कमी राहिलं नाही. घरी परतल्यावर बाबांनी विचारलं, "शिजवलंत ना आपलं आपण?" आई म्हणाली, "हो." ते खरंच होतं. भावाचा काटा तिनं सांगितला नाही.

असे आम्ही चार उन्हाळे गेलो. दर वर्षी आई तिचं तिचं शिजवायची आणि आजीला वाढायची. बाबांकडे एकदा शब्द परत मागितला असता तर त्यांनी तो दिला असता, असं मला आज वाटतं. चार वर्षांत तेही बदलले होते. कोनाड्यातला वेगळा पेला कधी नाहीसा झाला ते कळलंही नाही. पण आईनं मागितला नाही. कदाचित तिला वाटलं असेल, पुढच्या वर्षी विचारू. आजी काय, आहेच. आपण सगळेच असं धरून चालतो, आणि त्याचा मला आता या वयात फार राग येतो.

पाचव्या वर्षी, थंडीत, आजीचा थोरला मुलगा भर दुपारी चाळीत आला. उंबऱ्याबाहेर उभा राहून आईला म्हणाला, "आय गेली." मग, "बाराव्याला ये. आयनं सांगून ठेवलेलं, माझ्या लेकीला सांगावा धाडा."

आई मला घेऊन गेली. बाबांनी कसली अट घातली नाही, आणि आईनंही त्यांना काही विचारलं नाही. अंगणात पुरुषांची पंगत उठली, मग बायकांची बसली. आम्ही कडेला उभ्या होतो. थोरली सून आईचा हात धरून तिला आत घेऊन गेली. आत एकच पाट मांडला होता.

"लेकीचा पाट," ती म्हणाली. "आमच्यान लेक जेवल्याबिगर बारावं पुरं होत नाय."

आईनं पाटाला हात लावून तो कपाळाला लावला आणि बसली. भात, वालाचं बिरडं, खीर. ती खाली मान घालून सावकाश जेवत राहिली. सुनेनं विचारलं, "आनखी वाढू?" तेव्हा तिनं ताट पुढे केलं. चार उन्हाळे त्या घरात राहून आई तिथल्या चुलीवरचं पहिल्यांदा जेवत होती, आणि जिच्या हातचं खायचं राहिलं होतं, ती आता नव्हती.