मूर्तिभंजनाचा तास

उमरखेडच्या कॉलेजात मी इतिहास शिकवते. त्या दिवशी बी.ए.च्या वर्गात युरोपातली धर्मसुधारणा चालू होती. पडद्यावर मी चर्चमधला एका संताचा पुतळा दाखवला. त्याचा चेहरा छिन्नीनं तासून काढलेला होता. मूर्तीपुढं वाकणं म्हणजे दगडाची पूजा, असं सुधारक म्हणू लागले. मग गावोगाव पुतळे फुटले, भिंतींवरच्या चित्रांवर चुना फिरला आणि काही राजांनी मठांच्या जमिनी घशात घातल्या.

एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ते लोक बरोबर होते का?"

उत्तर देताना माझ्या आजोबांचा विषय निघाला. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यांनी घरचे देव फोडले नाहीत. फडक्यात बांधून पैनगंगेत सोडले. आजी काठावर बसून रडली होती. "सोडणं वेगळं, फोडणं वेगळं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. कुणीतरी तास मोबाइलवर रेकॉर्ड करून अर्धाच तुकडा पुढं पाठवला होता. मॅडमनी देव नदीत फेका म्हटलं, असं गावभर झालं होतं. त्या मुलीचे वडील भेटायला येणार होते.

"यंदा हा भाग सोडून द्या ना," प्राचार्य हळूच म्हणाले.

वडील आले ते शेतातून थेट, कपाळावर गंध. बसले नाहीत.

"तुमी पोरायले देव फेका म्हनून सांगतलं?"

"नाही," मी म्हणाले. "पूर्ण तास ऐकता का?"

लॅपटॉप उघडून मी सगळं पुन्हा सांगितलं. आजोबांचंही. ते त्या तासलेल्या चेहऱ्याकडे पाहतच राहिले.

"मंग पुढं काय झालं तिकडं?"

"लढाया. गावंच्या गावं उजाड झाली. थकल्यावर काही ठिकाणी लोक शेजारी राहायला शिकले. काही ठिकाणी नाहीच."

"हे काहून नाही सांगतलं पोरायले?"

"तास संपला होता."

"मंग सांगा," म्हणत ते निघाले. चहालाही थांबले नाहीत. त्यांचं समाधान झालं की राग तसाच राहिला, मला अजून कळलेलं नाही.

पुढच्या तासाला मी लढायांचा भाग घेतला. नजर सारखी मुलांच्या हातांतल्या मोबाइलकडे जात होती. शेवटी त्याच मुलीनं हात वर केला.

"जिथं लोक शेजारी राहायला शिकले नाहीत, तिथं काय झालं मॅडम?"

मी आधी दाराकडे पाहिलं. मग उत्तर दिलं.